चुरस आणायची म्हणजे आणायची

सगळ्या जगाला जे जमलं नाही ते अंबादास खरवंडीकरला जमेल, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे, एवढंच म्हटलं होतं. पण आमच्या सोसायटीत माणूस तिसऱ्या मजल्यावर एक बोलतो आणि जिना उतरेपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी होतं. तेव्हा खरं काय घडलं ते माझ्याच तोंडून ऐका.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. यमुनापार नोएडात आम्ही केंद्र सरकारी मराठी नोकरदारांनी चार वर्षांपूर्वी सोसायटी बांधली होती. आमच्या पलीकडच्या सेक्टरात रस्ते आधी आले होते आणि घरं अजून यायची होती. हे रुंद रस्ते, त्यांवर ओळीने दिव्यांचे खांब, आणि दोन्ही बाजूंना नुसतं गवत नाहीतर बदरपूर वाळूचे ढीग. कर्जं स्वस्त झाली होती, घराघरांत गाड्या आल्या होत्या. आणि केबल आली होती. केबलबरोबर रविवारी दुपारी मोटारींच्या जागतिक शर्यती आमच्या दिवाणखान्यात आल्या.

मी त्या शर्यतींचा नादच लावून घेतला. पण चार-सहा रविवारांत एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या वळणाला जी गाडी पुढे, तीच शेवटी पुढे. मधला दीड तास कशासाठी असतो ते कुणालाच माहीत नव्हतं. टीव्हीवर समालोचन करणारे गोरे लोकसुद्धा दर रविवारी रडकुंडीला येऊन एकमेकांना विचारायचे, की पुढच्या मोसमात यात चुरस आणायची तरी कशी? मी सोफ्यावरून त्यांना उपाय सांगत असे.

"अहो, त्यांना ऐकू जात नाही," माझी बायको विजया स्वयंपाकघरातून सांगायची.

"म्हणूनच त्यांची ही दशा आहे," मी म्हणायचो.

तुम्ही म्हणाल, लोकांच्या शर्यतीत चुरस नाही याचं खरवंडीकरांना काय एवढं? सांगतो. कारण आमच्या शर्यतीतही नव्हती. आमच्या मराठी मंडळाची दसऱ्याची शर्यत ही माझी कल्पना. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, शीव ओलांडायची, ही आपली रीत. दिल्लीत शीव शोधायची कुठे? मी सुचवलं, गाड्यांची पूजा करून सगळ्यांनी त्या रिकाम्या सेक्टरात जावं आणि चौकोनाला तीन फेऱ्या माराव्यात, जो पहिला येईल त्याला सगळ्यांनी आधी सोनं द्यावं. पहिल्या वर्षी दहा-बारा गाड्या उतरल्या. पुढच्या वर्षी सहा. गेल्या वर्षी दोन. एक हणमंतराव जगदाळ्यांची आणि एक माझी, तीही कल्पना माझी होती म्हणून.

हणमंतराव म्हणजे निवृत्त सुभेदार. फौजेत आयुष्यभर ट्रक हाकले, तेही बर्फातून आणि कड्यांवरून. मिशा अशा की आधी मिशा वळणावरून येतात आणि मग गाडी. हा माणूस दर वर्षी जिंकायचा, आणि जिंकून गप्प बसायचा नाही. "साहेब, मी तिसऱ्या गियरात होतो हो, चौथा टाकलाच नाही," असं भाजीवाल्यासमोर सांगायचा. अशा माणसाबरोबर कोण शर्यत लावणार? गेल्या दसऱ्याला तर त्यांची शर्यत संपली, त्यांनी थर्मासमधला चहा घेतला, आणि मी अजून दुसऱ्या फेरीत होतो. माझ्या जुन्या निळ्या फियाटचा यात काही दोष नाही. मी वळणावर जरा विचार करतो.

तर त्या वर्षी मंडळाच्या सभेत ठराव आला. या दसऱ्याला शर्यतीत चुरस दिसली नाही तर शर्यत कायमची बंद, आणि पुढच्या वर्षापासून त्या दिवशी अंताक्षरी. अध्यक्ष देवयानीताई सबनीस. शाळेत उपमुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्या 'कायमची' म्हणाल्या की कायमचीच. ठराव कुणी मांडला होता? विजयाने. माझ्या सख्ख्या बायकोने.

"माझ्याविरुद्ध?" घरी आल्यावर मी विचारलं.

"तुमच्याविरुद्ध नाही हो. दोन गाड्या फिरतात आणि सगळी सोसायटी उन्हात उभी राहते. त्यापेक्षा गाणी तरी म्हणू."

मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही. आणि मनाशी चंग बांधला. चुरस आणायची म्हणजे आणायची.

आता एक गोष्ट मी अनुभवाने सांगतो. माणसाने काही करायचं ठरवलं हे सोसायटीला कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर दुधाच्या रांगेतच सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचा नीरज गुडगावात कुठल्याशा विदेशी कंपनीत होता. तो म्हणाला, "काका, सगळा खेळ हवेचा असतो. पुढच्या गाडीची हवा मागच्या गाडीला त्रास देते, म्हणून ओव्हरटेक होत नाही. हवा कमी करा." मी विचारलं, नोएडातली हवा मी कमी कशी करू? तो म्हणाला, "कन्सेप्ट सांगतोय यार काका." या पिढीचं हे असं आहे. कन्सेप्ट त्यांचा, उन्हात आपण.

मग समोरचे भाटियासाहेब. त्यांना मराठी येत नव्हतं, पण मंडळाचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता, कारण नंतर पुरणपोळी असे. ते म्हणाले, "खरवंडीजी, बारिश कराओ. टीवी पे देखा नहीं? बारिश हुई कि सब बराबर. बड़ा-छोटा सब फिसलता है."

हे मात्र मला पटलं. टीव्हीवर मी पाहिलं होतं, पावसाच्या दिवशी कुणीही कुठेही येतो. पण दसऱ्याला दिल्लीत पाऊस कुठून आणायचा? भाटियासाहेब म्हणाले, टँकर. त्यांच्या ओळखीचा टँकरवाला होता. तालमीसाठी म्हणून एका रविवारी सकाळी टँकर बोलावला आणि रिकाम्या सेक्टराच्या पहिल्या वळणावर उभा केला. आता यात माझी एवढीच चूक झाली की त्या आठवड्यात सोसायटीचे नळ कोरडे होते. टँकर निघाला आमच्या फाटकासमोरून. मी पुढे स्कूटरवर, मागे टँकर, आणि टँकरच्या मागे कोण येतंय हे मी पाहिलंच नाही. वळणावर पोचून मागे वळून बघतो तर सगळी सोसायटी बादल्या, कळशा, पातेली घेऊन हजर, एकीच्या हातात तर प्रेशर कुकर. सगळ्यांत पुढे विजया.

"पाणी रस्त्यावर ओतणार होतात?" तिने विचारलं.

"चुरशीसाठी," मी म्हणालो.

त्यावर ती जे बोलली ते घरातलं होतं, इथे सांगत नाही. टँकर रिकामा झाला आणि रस्त्याला थेंब लागला नाही. बायका मात्र म्हणाल्या, खरवंडीकर भाऊजींनी फार चांगलं काम केलं. मी नमस्कार करून घेतला.

दुसरा उपाय वजनाचा. काही शर्यतींत म्हणे जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या वेळी वजन घालतात. मला हे फार न्याय्य वाटलं, कारण सरकारी नोकरीतही जो काम करतो त्याच्याच टेबलावर फायली वाढतात. मी हणमंतरावांना विचारलं. वाटलं होतं चिडतील. छे! छाती फुगवून म्हणाले, "टाका साहेब, काय टाकायचं ते. फौजेत आमच्या मागं काय कमी वजन होतं?" मग घराघरांतली वर्षभराच्या गव्हाची पोती त्यांच्या गाडीत मागे भरली. हणमंतराव एक फेरी मारून आले आणि खाली उतरले ते मिशांतून हसतच. गाडी म्हणे वळणावर आधी मागून सुटायची, आता रस्त्याला चिकटून बसली. "पोती राहू द्या साहेब, लई झ्याक चालतीय." नेहमीपेक्षा जोरात आले होते. मी पोती परत घेतली. अर्ध्या सोसायटीचे गहू त्या गाडीतून उतरवताना माझी पाठ धरली, पण ते मी चुरशीच्या खाती जमा केलं.

आता दसरा तोंडावर आला होता आणि शर्यतीला नावं अजून दोघांचीच. विजयाने अंताक्षरीसाठी गट पाडायला सुरुवात केली होती. रात्री मला झोप लागेना. माझ्या हातून एक गोष्ट सुरू झाली होती, आयुष्यातली बहुधा एकच, आणि ती माझ्याच डोळ्यांदेखत गाण्याच्या भेंड्यांत बुडणार होती. हसू नका. माणसाला आपली एखादी तरी गोष्ट चालू राहावीशी वाटते. मी हिशेब खात्यातला माणूस नाही, पण दिल्लीच्या कार्यालयांत वीस वर्षं काढलेला आहे. मी नियम करायचं ठरवलं.

नियम असा. सकाळी प्रत्येकाने एकट्याने एक चाचणी फेरी मारायची आणि देवयानीताईंनी घड्याळ लावायचं. सगळ्यांत जोरात येणाऱ्यापेक्षा तुम्ही जेवढे मागे, त्याच्या तिप्पट वेळ आधी तुम्हाला दुपारच्या तीन फेऱ्यांच्या शर्यतीत सुटायला मिळणार. म्हणजे हळू गाडी आधी निघणार, जोरातली मागून, आणि कागदावर सगळ्या गाड्या एकाच क्षणी शेवटच्या रेघेवर पोचणार. अहो, काय चुरस! मी हे सभेत मांडलं.

सभा एकदम गप्प झाली. आमच्या सभेत कुणी गप्प बसलं की समजावं, काहीतरी शिजतंय. मी समजलो नाही. लेखा विभागातले ज्ञानोबा फडतरे बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "माझं नाव घाला." मग पाठोपाठ नावं. नीरजनेही दिलं. एकूण सात गाड्या झाल्या. मी विजयाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

राहिली परवानगी. रस्त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने तोंडातलं पान एका गालात सारून सांगितलं, "रेस की परमिशन हमारे यहाँ होती ही नहीं."

"तो फिर किसकी होती है?"

"शोभायात्रा की होती है. गाड़ियाँ चल सकती हैं, फूल लगा सकते हैं. बीच में एक भगवान चाहिए."

मी स्वतः बाबू आहे, त्यामुळे दुसऱ्या बाबूचं काम मला कळतं. नाही न म्हणता वाट दाखवायची, ही आमच्यातली उच्च कला. मी शोभायात्रेची परवानगी घेतली. तिच्याबरोबर बंदोबस्ताला एक हवालदारही मिळाला, आणि तो नको म्हणायची सोय नव्हती.

दसरा उजाडला. गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. आपटा दिल्लीत मिळत नाही, आम्ही कचनारचीच पानं सोनं म्हणून लुटतो, ती टोपलीभर आणली होती. एका गाडीच्या टपावर देवीची तसबीर बांधली, म्हणजे शोभायात्रेत भगवान झाला. विजयाने आमच्या फियाटची पूजा केली. अंताक्षरी एकीकडे, पूजा एकीकडे. पूजेचा नारळ पुढच्या काचेपाशी राहीना म्हणून तिने तो खाली, माझ्या सीटजवळ ठेवला. "देवाचा आहे, काढू नका," म्हणाली. मी काढला नाही.

चाचणी सुरू झाली. पहिले ज्ञानोबा. देवयानीताईंनी रुमाल हलवला. गाडी निघाली. म्हणजे निघाली असावी. मी चाकाकडे बघितलं तेव्हा ते हलत होतं, पण ते कळायला शेजारच्या दगडाशी तुलना करावी लागली. मला वाटलं इंजिन बिघडलं. धावत खिडकीशी गेलो. ज्ञानोबा शांतपणे स्टिअरिंग धरून बसले होते.

"काय झालं?"

"काही नाही. चाचणी चाललीये. जितका मागे, तितका आधी सुटणार ना मी?"

मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे ज्ञानोबांकडे संतापाने बघत होते. ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली आहे अशी प्रत्येकाची समजूत होती! त्या गप्प सभेत सात जणांनी एकच पळवाट शोधली होती आणि सातही जण ती पोटात घालून घरी गेले होते. मी सोडून, म्हणून सहा म्हणा. आणि हे सगळे गणेशोत्सवात सावकाश सायकल चालवायच्या स्पर्धा जिंकून मोठे झालेले. हळू जाणं म्हणजे काय हे यांना शिकवायला नको.

देवयानीताईंनी तिथल्या तिथे नियम केला, चाक थांबलं की बाद. काही उपयोग झाला नाही. ज्ञानोबांचा क्लच धरण्याचा हात, म्हणजे पाय, असा काही तयार होता की चाक थांबतही नव्हतं आणि पुढेही जात नव्हतं. लोक गाडीबरोबर चालायला लागले. कुणीतरी खिडकीतून चहा दिला. त्यांनी तो पिऊन त्याच खांबाशी कप परत केला. एक गाय मागून आली आणि पुढे निघून गेली.

हवालदार मात्र खूश होता. "बहुत अनुशासित शोभायात्रा है, साब. ऐसी कभी देखी नहीं."

ऊन चढलं तसं देवयानीताईंनी पहिल्याची फेरी संपायची वाट न बघता बाकीच्यांना एकामागून एक सोडलं. आणि मग मी जे पाहिलं त्याने माझं काळीज फाटलं. हणमंतराव! बर्फातून ट्रक हाकणारा तो वाघ, मिशा खाली पाडून, पहिल्या गियरमध्ये, ज्ञानोबांच्या जेमतेम दोन हात पुढे रांगत होता. मला बघून त्यांनी नजर चुकवली. "काय करणार साहेब, नियमच तसा," एवढंच म्हणाले. त्यांना कुणीतरी हरवावं म्हणून मी महिनाभर तडफडत होतो, पण असं बघावं म्हणून नव्हतं हो. मला त्या क्षणी रडू यायचंच बाकी होतं.

देवयानीताई माझ्यापाशी आल्या. आवाज शाळेतला. "अंबादासराव, याला चुरस म्हणत नाहीत. तुमची एक फेरी राहिलीये, ती मारून या. मग मी सभा घेते आणि विजयाताईंचा ठराव मंजूर करते."

विजया बाजूलाच उभी होती. तिने अंताक्षरीच्या गटांची यादी घडी घालून ठेवली, आणि तेच मला जास्त लागलं.

मी गाडीत बसलो. ठरवलं, शर्यत मरणार असेल तर मरो. पण तिची शेवटची फेरी एका माणसाने तरी जीव तोडून मारली, असं झालं पाहिजे. दुपारी सगळ्यात शेवटी सुटायला लागलं तरी चालेल. मी गियर टाकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचार न करता निघालो. दुसरा टाकला, तिसरा टाकला. गाडी बिचारी थरथरत, पण मन लावून पळायला लागली. पहिलं वळण आलं. मी ब्रेकवर पाय ठेवला.

आणि गाडी आणखी जोरात पळाली.

पुन्हा ब्रेक दाबला. आणखी जोरात! खाली बघितलं तर पूजेचा नारळ घरंगळत येऊन ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या मधोमध असा काही बसला होता, की एक दाबला की दुसराही दाबला जायचा. किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं, हे मला नंतर त्रेपन्न लोकांनी सांगितलं. त्या वेळी त्यांतला एकही गाडीत नव्हता. मी फक्त 'अगं आई गं' म्हणत स्टिअरिंग धरून ठेवलं. पहिलं वळण दोन चाकांवर की चार चाकांवर घेतलं ते देवीलाच माहीत, ती समोरच टपावर होती. तिला मागे टाकलं. नीरजला मागे टाकलं. ज्ञानोबांना मागे टाकलं. त्यांनी खिडकीबाहेर डोकं काढून ओरडलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "खरवंडीकर? खरवंडीकर??"

आणि मग समोर हणमंतराव. मी भोंगा वाजवत, एका हाताने नारळाशी झुंजत, त्यांच्या मिशांच्या अगदी शेजारून पुढे निघून गेलो.

हणमंतराव जगदाळ्यांना आजवर रस्त्यावर कुणी मागे टाकलं नव्हतं. फौजेत नाही आणि नोएडात तर नाहीच. मला आरशात दिसलं. आधी त्यांचं तोंड उघडलं. मग मिशा हळूहळू वर चढल्या. आणि मग त्यांच्या गाडीने अशी डरकाळी फोडली की झेंडूची माळ तुटून रस्त्यावर पडली. नियम गेला, चाचणी गेली, तिप्पट वेळ गेला. हणमंतराव माझ्या मागे सुटले. त्यांच्या मागे ज्ञानोबा. त्यांच्या मागे सगळे. जो तो एकच वाक्य ओरडत होता, "खरवंडीकर पुढे गेला म्हणजे काय?"

शेवटची रेघ मी सगळ्यांच्या आधी ओलांडली, हे लिहून ठेवा. त्यानंतर पन्नास-साठ पावलांवर एका प्लॉटसमोर बदरपूरचा ढीग होता. गाडी त्यात बोनेटपर्यंत शिरली आणि उसासा टाकून थांबली. मला काही झालं नाही. गाडीलाही नाही. नारळही अभंग होता.

विजया धावत आली. चेहरा पांढराफटक. दार उघडून तिने मला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग उतरा."

"का?"

"अहो उतरा म्हणते ना! ते सगळे दुसऱ्या फेरीला निघाले!"

तिने नारळ काढून माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि गाडीत बसली. गाडी चालवायला ती माझ्या आधी शिकली होती, पण आमच्याकडे गाडी मी चालवत असे, का ते आता आठवत नाही. चार जणांनी मागे ढकलून फियाट वाळूतून बाहेर काढली. विजयाने गियर टाकला आणि वाळू उडवत ती निघून गेली, माझ्या अंगावरची आधी झटकायला हवी होती ते तिच्या लक्षात आलं नाही.

देवयानीताईंनी रुमाल वर केला आणि ओरडल्या, "इथून तीन!" शाळेतला आवाज सगळ्या गाड्यांत ऐकू गेला.

त्या तीन फेऱ्या मी रस्त्याच्या कडेला नारळ धरून पाहिल्या. काय सांगू तुम्हाला! वळणागणिक पुढची गाडी बदलत होती. ज्ञानोबा पुढे, मग हणमंतराव, मग नीरज आणि त्याचा हवेचा कन्सेप्ट, मग पुन्हा हणमंतराव. शेवटच्या फेरीला निळी फियाट आतल्या बाजूने घुसली. विजया वळणावर विचार करत नव्हती. लोक खुर्च्यांवर उभे होते, भाटियासाहेब "ओये भाभीजी! ओये!" करत नाचत होते, आणि तीन गाड्या इतक्या चिकटून रेघेवरून गेल्या की कोण पहिलं ते कुणालाही कळलं नाही. हणमंतराव म्हणाले मी. ज्ञानोबा म्हणाले मी. विजया नुसती हसत होती आणि तिचे केस मोकळे झाले होते. त्रयस्थ साक्षीदार म्हणून हवालदाराला विचारलं.

"पहला-दूसरा मैंने नहीं देखा," तो म्हणाला. "पर जुलूस इतनी जल्दी क्यों खत्म किया? एक चक्कर और लगवाओ ना, साब."

देवयानीताईंनी तिथेच सभा घेतली. "ठरावाचं काय करायचं?"

"माझा होता, मीच मागे घेते," विजया म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी फियाट माझ्या नावावर लिहा."

मग नावांची झुंबड उडाली. ज्यांनी आजवर शर्यतीला नाकं मुरडली ते पुढे येत होते. एक म्हणाला, "खरवंडीकर जर हणमंतरावांच्या पुढे जातो, तर आपण काय घोडं मारलंय?" दुसरा म्हणाला, "तेच म्हणतो मी, बिल्कुल." कुणीही आवाज कमी करत नव्हतं. मी तिथेच उभा होतो. चुरस आणण्यासाठी मी पाऊस मागवला, गहू उचलले, नियम केले. आणि शेवटी ती आली कशाने, तर मी पुढे गेल्याचा सगळ्या सोसायटीला अपमान वाटला म्हणून.

संध्याकाळी सोनं लुटताना हणमंतराव माझ्याकडे आले. बायको, मुलं, अध्यक्ष, सगळे बाजूला ठेवून पहिलं पान त्यांनी माझ्या हातात दिलं आणि हात सोडलाच नाही. 

"साहेब, तीन वर्षं झाली, माझ्या मागं गाडीचा आवाज ऐकू आला नव्हता हो. नुसता मीच पळत होतो. आज सगळी सोसायटी मागं लागली. तुम्हाला बघून लोकांना धीर आला."

त्यांनी हे कौतुक म्हणून म्हटलं होतं. मीही सोनं कपाळाला लावलं आणि ते कौतुक म्हणूनच घेतलं.